लार्स फॉन ट्रिअर: इंग्रजीत नुसते आडनाव लिहिताना 'फॉन' ठेवावे की गाळावे?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)

डेन्मार्कचे दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांच्यावरचा एक इंग्रजी लेख माझ्याकडे तपासायला आला होता. पहिल्या परिच्छेदात पूर्ण नाव येऊन गेल्यावर लेखकाने पुढे सगळीकडे नुसते 'ट्रिअर' लिहिले होते. मी प्रत्येक ठिकाणी 'फॉन' (von) घातले; लेखकाने ते प्रत्येक ठिकाणी काढले आणि समासात एकच शब्द लिहून लेख परत पाठवला: 'गटे'.

माझे मत असे की इंग्रजीत 'फॉन ट्रिअर' एवढे सगळे मिळून आडनाव होते. नुसते 'ट्रिअर' लिहिले, तर आजच्या वाचकाला नॉर्वेचे योआकिम ट्रिअर आठवण्याचा संभव आहे. तेही दिग्दर्शकच, आणि लार्स यांचे दूरचे नातेवाईक. दोघांचा उल्लेख एकाच लेखात आला, म्हणजे घोटाळा ठरलेलाच.

जर्मनची विद्यार्थिनी

तुमच्या लेखकांची बाजू मला पटते. जर्मन कवी योहान वोल्फगांग फॉन गटे यांना कोणी 'फॉन गटे' म्हणत नाही. संशोधक हम्बोल्ट आणि लेखक क्लाइस्ट यांचेही तसेच. जर्मनमध्ये 'फॉन' म्हणजे मुळात 'अमुक ठिकाणचा', पुढे ती सरदार घराण्याची खूण झाली, आणि नुसते आडनाव घेताना ती सहज गळते. येथे तर ही खूण वारशानेही आलेली नाही. १९५६ मध्ये डेन्मार्कला जन्मलेल्या या मुलाचे नाव लार्स ट्रिअर असे होते. 'फॉन' त्यांनी चित्रपटाचे शिक्षण घेत असताना स्वतःच जोडले. खऱ्या सरदारांचे 'फॉन' गाळायचे आणि थट्टेने लावलेले तेवढे जपायचे, हा कोणता न्याय?

जुन्या चित्रपटांचा वाचक

हाच मुद्दा मी उलट बाजूने मांडेन. आडनाव आईवडिलांकडून आले, 'फॉन' मात्र त्यांनी निवडले. म्हणजे या नावात खास त्यांचे असे काही असेल, तर ते एवढेच आहे. शिवाय त्या निवडीला चित्रपटांचाच इतिहास आहे. एरिख फॉन स्ट्रोहाइम आणि जोसेफ फॉन स्टर्नबर्ग हे दोघेही जुने दिग्दर्शक व्हिएन्नात जन्मले, आणि जन्मतः दोघांच्याही नावात 'फॉन' नव्हते. स्ट्रोहाइम यांनी अमेरिकेत आल्यावर ते लावून घेतले, तर आपल्या नावात ते श्रेयनामावलीतून परस्पर शिरले, असे स्टर्नबर्ग सांगत. ट्रिअर यांचे 'फॉन' या दोघांना उद्देशून आहे. ते गाळले की तो संदर्भच पुसला जातो.

अर्थात माझ्या बाजूलाही एक भोक आहे, ते लपवत नाही. इंग्रजी समीक्षक 'स्टर्नबर्ग' असे सर्रास लिहितात, आणि 'स्ट्रोहाइम' दोन्ही प्रकारे आढळते. उलट गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अग्निबाणांचे फॉन ब्राउन यांचे 'फॉन' इंग्रजीत घट्ट चिकटले आहे. तेव्हा येथे व्याकरणापेक्षा रूढी मोठी, आणि ट्रिअर यांच्या बाबतीत इंग्रजी वृत्तपत्रांची रूढी 'फॉन'सकट लिहिण्याची आहे.

(जाता जाता: १९९५ च्या 'डॉग्मे' या चित्रपट-चळवळीच्या जाहीरनाम्यावर याच दिग्दर्शकांची सही आहे, आणि त्यातला दहावा नियम म्हणतो की श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचे नावच असू नये. तो नियम पाळला असता तर हा वाद निम्मा मिटला असता.)

सूचीकार

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मजकुरात नाव कसे लिहावे हा एक, आणि वर्णानुक्रमात ते कोठे लावावे हा दुसरा. अँग्लो-अमेरिकन सूचीकरणाच्या नियमांनुसार डॅनिश व्यक्तीच्या नावात जर्मन 'फॉन' असेल, तर नोंद त्यापुढच्या शब्दाखाली होते: 'ट्रिअर, लार्स फॉन'. व्यक्ती इंग्रजीभाषक असेल, तर मात्र 'फॉन'सारखे उपपदच पुढे येते. त्यामुळे अमेरिकन दिग्दर्शक गस व्हॅन सँट हे 'व्ही'मध्ये सापडतात, आणि त्यांचा 'व्ही' वाक्यात कोठेही मोठाच राहतो. सूचीत 'टी'खाली गेले म्हणून मजकुरातही 'फॉन' गाळलेच पाहिजे, असे त्यातून निघत नाही.

जर्मनची विद्यार्थिनी

ते निघत नाही हे मान्य. पण आडनावाचा गाभा 'ट्रिअर' आहे, एवढे तर तुमची सूचीही कबूल करते. घोटाळ्याचा मुद्दा मला फारसा वजनदार वाटत नाही. दोन ट्रिअर एकत्र आले तर पहिले नाव लिहावे, एरवीही आपण तेच करतो.

मुद्रितशोधक

सूचीकारांचा भेद उपयोगी पडला. लेखाबरोबर नामसूची जायची आहे. तिच्यात नोंद 'टी'खाली ठेवतो आणि 'व्ही'खाली फक्त 'ट्रिअर पाहा' असा निर्देश देतो. मजकुरात 'फॉन' राहील. लेखकाला तसे कळवले, तेव्हा त्यांची खरी अडचण समजली: वाक्याच्या आरंभी 'फॉन' आले की मोठा 'व्ही' करावा लागतो, मध्ये आले की लहान, आणि एकाच पानावर एकाच माणसाची अशी दोन रूपे त्यांना बघवत नाहीत. अशी चारच वाक्ये निघाली. ती फिरवून नाव मध्ये घेतले आहे.