अनुभव धागा : 'हॅड बीन' तुमच्या कुठे कामी आलं?

मागच्या धाग्यात 'सिन्स' आणि 'फॉर'वरून गाडी चालू पूर्ण भूतकाळावर ('हॅड बीन' आणि पुढे 'इंग'वालं क्रियापद) गेली आणि तिथेच रुतली, म्हणून हा वेगळा धागा. नियम नकोत, ते कुठल्याही व्याकरणात मिळतात. हा काळ प्रत्यक्ष कुठे लागला, कसा उमगला ते लिहा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं; त्याआधीच्या आम्हा पाचवीपासूनवाल्यांचा काळांचा तक्ता पाठ आणि वापर शून्य. या, लिहा.

चाकण, मेंटेनन्स
मशीन बंद पडलं की आमच्याकडे 'व्हाय-व्हाय' रिपोर्ट लिहितात, म्हणजे 'का? आणि ते का?' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं. एकदा बेअरिंग जाम झालं. ज्युनिअरने लिहिलं, 'द बेअरिंग वॉज ओव्हरहीटिंग'. ग्राहकाच्या ऑडिटरने ते वाचून पान उलटलं. दुसऱ्या मसुद्यात आम्ही लिहिलं, 'द बेअरिंग हॅड बीन ओव्हरहीटिंग फॉर टू शिफ्ट्स बिफोर इट सीझ्ड'. लगेच प्रश्न आला: दोन शिफ्ट तापत होतं, तर मशीन थांबवलं का नाही? खरं कारण तिथेच होतं. तापमानाची नोंद रोज व्हायची, वाचत कोणी नव्हतं. साहेब म्हणाले, आधीचंच वाक्य बरं होतं!

डब्लिन, नर्स (मूळ सांगली)
चाकणच्या दादांचं अगदी पटलं. ओईटीच्या (आम्हा नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा) लेखनात केस नोट्स वाचायला ५ मिनिटं आणि पत्र लिहायला ४० मिनिटं मिळतात. नोट्स म्हणजे तारखा आणि तुटक शब्द. त्यातून 'ही हॅड बीन टेकिंग पेनकिलर्स फॉर थ्री वीक्स व्हेन ही वॉज ॲडमिटेड' असं लिहिलं की पुढच्या डॉक्टरला कळतं, दाखल होईपर्यंत गोळ्या चालू होत्या. नुसतं 'हॅड टेकन पेनकिलर्स' लिहिलं तर आधी कधीतरी घेतल्या, एवढंच उरतं. पोटात रक्तस्राव झालेला पेशंट असेल तर हा फरक लहान नाही.
पण दिसेल तिथे 'इंग' लावू नका. मधुमेह असणं ही स्थिती आहे, क्रिया नाही. तिथे 'ही हॅड हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स'. दोन 'हॅड' शेजारी बघून विचित्र वाटतं, पण बरोबर तेच.

परभणी, बँक परीक्षेची तयारी
क्लासमध्ये एकच सांगतात: 'बाय द टाइम' आणि 'फॉर' एकत्र दिसलं की 'हॅड बीन'वर टिक. मार्क पडतात, बोलताना मात्र तोंडातून निघत नाही.

कोल्हापूर जिल्हा, हायस्कूल शिक्षिका
ती युक्ती 'बाय द टाइम' वाक्यात असेपर्यंतच चालते. मी फळ्यावर आडवी रेघ मारते. एका टोकाला 'एसटी आली', त्याच्या मागे तासभराचा पट्टा 'वाट बघणं'. मराठीत 'एसटी आली तेव्हा तासभर वाट बघत होतो' एवढ्याने भागतं, म्हणून मुलं 'वी वेअर वेटिंग सिन्स वन अवर' लिहितात. त्यांना मी एकच विचारते: कशाच्या आधी? तो दुसरा क्षण या किंवा मागच्या वाक्यात सापडला तरच 'हॅड'. एकाने लिहिलं होतं, 'आय हॅड बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. म्हटलं, बाळा, मग आता कुठे राहतोस? तर म्हणे, इथेच. मग 'हॅव बीन' कर.

पुणे, कॉल सेंटर
लिहिणं जमतं हो, ऐकणं कठीण. 'शी हॅड बीन' असं सुटं कोणी म्हणत नाही. 'शीड बिन कॉलिंग ऑल वीक', त्यातला 'ड' जवळजवळ गिळलेला. 'हॅड' शोधत बसलात तर वाक्य निघून जातं. मी 'बिन' पकडायला शिकले, आणि 'हॅव' की 'हॅड' ते पुढच्या बोलण्यावरून.

ठाणे, निवृत्त
बोलताना इंग्रज माणूसही हा काळ फार वेळा वापरत नाही. 'वॉज वेटिंग'ने बरंच भागतं. उगाच जिवाला घोर लावू नका.

चाकण, मेंटेनन्स
काका, गप्पांत भागतं. रिपोर्टवर सही असते हो!

परभणी
बाई, इनडायरेक्ट स्पीचमध्ये 'आय हॅव बीन वर्किंग' आणि 'आय वॉज वर्किंग' दोन्हींचं 'हॅड बीन वर्किंग'च होतं ना?

कोल्हापूर जिल्हा, हायस्कूल शिक्षिका
हो, 'सेड'सारखं क्रियापद भूतकाळात असेल तर. 'सेज' असेल तर काळ हलवायचा नाही.