नवरा म्हणतो सातबारा वडिलांच्या नावावर, मला उत्पन्नच नाही. पोटगीचं काय?

मिरजेची शिलाईवाली
नमस्कार. माझं सासर तासगाव तालुक्यात, सावळजकडे. दोन वर्षं झाली, मुलाला घेऊन मिरजेत माहेरी आहे. फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. लग्नसराईत चार पैसे सुटतात, एरवी पोराच्या शाळेचंसुद्धा भागत नाही. गेल्या श्रावणात पोटगीचा अर्ज टाकला. पहिल्या तारखेला त्याच्या वकिलांनी मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला म्हणणं दिलं, सातबारा वडिलांच्या नावावर, मी त्यांच्या बागेत मजुरी करतो.

ही मजुरी मी सात वर्षं बघितली आहे. अडीच एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीपासून व्यापाऱ्याशी दर ठरेपर्यंत सगळं तोच बघायचा. औषधाच्या दुकानातली उधारी त्याच्या नावावर. पेट्यांचा हिशेब निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत, त्याच्याच अक्षरात. डिपिंगला मीही उभी राहिले आहे, एकेक घड मगात बुडवत, संध्याकाळी मान वर होत नव्हती. आणि आता म्हणे मजूर!

सुप्रीम कोर्टाच्या निकालाने नवऱ्याला सगळं लिहून द्यावं लागतं असं ऐकलं. खरं आहे का?

विश्रामबागचा वकील
ताई, खरं आहे. रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. प्रकरण आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेलं, अंतरिम पोटगीचा वाद २०१३ पासून लोंबकळत होता. म्हणूनच कोर्टाने सगळ्या देशासाठी पद्धत घालून दिली. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. मुद्दाम टाळत राहिला तर त्याचा बचाव काढून टाकता येतो.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, जोडपत्र २. त्यात जमीन किती आणि त्यात हिस्सा किती, बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, वाट्याने जमीन केली आहे का, जनावरं, जमिनीवरचं कर्ज, हे सगळं शपथेवर लिहावं लागतं. 'मजुरी करतो' एवढ्यावर सुटका नाही. शिवाय जमीन आजा-पणज्यापासून एकत्र कुटुंबात चालत आलेली असेल तर सातबारा एकट्या वडिलांच्या नावावर असला तरी मुलाचा हिस्सा असतोच. जुने फेरफार काढा.

समजा खरंच मजूर असला, तरीही अंजू गर्ग प्रकरणात (२०२२) सुप्रीम कोर्ट म्हणालं आहे की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे.

तुम्हीही शिलाईची कमाई लपवू नका. बायको थोडंफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हेही रजनेश निकालातच आहे.

कराडची
बाई गं, एक माझ्याकडून ऐक. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, तेव्हा तारखा पडल्या म्हणून खचू नकोस. पण हुकूम झाल्यावर गाफील राहू नकोस. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. "दिवाळीला देतो, पाडव्याला देतो" यावर मी थांबले आणि पाच महिन्यांचे पैसे वर्षाबाहेर गेले. आता दर महिन्याला कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते, आले की नाही.

विश्रामबागचा वकील
बरोबर आहे ताईंचं. नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही वर्षाची अट तशीच आहे. आणि शिलाईवाल्या ताई, त्या वहीचं काही हाताशी आहे का?

मिरजेची शिलाईवाली
दादा, वही तिकडेच राहिली. पण काल रात्री जुना मोबाइल चार्जिंगला लावून सगळे फोटो बघितले. एका फोटोत पोरगं शेडमध्ये क्रेटवर बसलंय, हातात घड. त्याच्यामागे वही उघडी आहे आणि मोठा करून बघितलं तर पेट्यांचे आकडे वाचता येतात. बुधवारी तारीख आहे. जोडपत्र २ ची प्रत आणि तो फोटो, दोन्ही वकिलांना देते. कराडच्या ताई, कॅलेंडर आजच भिंतीवर लावलं.