ड्रायव्हर अनबाइंड करताना कासानचा यूज-आफ्टर-फ्री रिपोर्ट, _सिंक लावूनही जात नाही

टायमर_टिक:
आर्म६४ बोर्ड, लिनक्स कर्नल ६.६. ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटा (अनबाइंड) करताना कासान, म्हणजे कर्नलमधला मेमरीच्या चुका शोधणारा, यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरल्याचा) रिपोर्ट देतो. एसओसीमधल्या तापमान सेन्सरचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर आहे. प्रोबमध्ये (ड्रायव्हर जोडला जाताना चालणारं फंक्शन) डेव्हएम_केझॅलॉकने प्रिव्ह, म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची माहिती ठेवणारं स्ट्रक्ट घेतलंय आणि त्यातच एक डिलेड_वर्क (ठरलेल्या वेळाने चालणारं काम) आहे, जे दर सेकंदाला स्वतःला पुन्हा रांगेत लावतं. अलर्टचा आयआरक्यू (हार्डवेअर इंटरप्ट) डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यूने घेतलाय. त्याचा हँडलर मॉड_डिलेड_वर्क वापरून तेच वर्क लगेच चालवतो.

रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) आधी कॅन्सल_डिलेड_वर्क होतं, तेव्हा स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री माझ्या पोल फंक्शनमध्ये दिसायचा. त्याजागी चालू वर्क संपेपर्यंत थांबणारं कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक केलं. रिपोर्ट कमी झाले, पण अधूनमधून येतातच, आणि आता __रन_टायमर्समध्ये. तिथल्या स्टॅकमध्ये माझ्या ड्रायव्हरचं नावही नाही. फ्री-स्टॅक (मेमरी सोडली तेव्हाचा फंक्शनांचा क्रम) असा: केफ्री, रिलीज_नोड्स, डेव्हरेस_रिलीज_ऑल, डिव्हाइस_अनबाइंड_क्लीनअप. यात माझं रिमूव्ह कुठेच नाही, मग मेमरी फ्री करतंय कोण? पोल फंक्शनच्या सुरुवातीला प्रिव्ह नल आहे का हे तपासून पाहिलं, काही फरक पडला नाही.

शॅडो_बाइट:
नल-चेक काढून टाका. केफ्री पॉइंटरला हात लावत नाही, आणि वर्क फंक्शनमध्ये प्रिव्ह कंटेनर_ऑफने, म्हणजे निव्वळ वजाबाकीने मिळतो. तो नल कधीच येणार नाही. असा चेक कोडमध्ये राहिला की पुढच्या वाचणाऱ्याची फक्त दिशाभूल होते.

फ्री-स्टॅक बरोबर आहे. डेव्हएमने (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी कर्नलची सोय) घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह परत आल्यानंतर सुटतात, त्यामुळे तिथे रिमूव्ह दिसणारच नाही. त्या उलट्या क्रमाने सुटतात: आधी आयआरक्यू, मग प्रिव्ह. तुमच्याकडे हे असं घडतंय:

रिमूव्हमध्ये _सिंकने वर्क थांबवलं. आयआरक्यू अजून चालू आहे. तेवढ्यात अलर्ट आला, हँडलरने वर्क पुन्हा सुरू केलं, आणि वर्क स्वतःला पुन्हा रांगेत लावणारं असल्याने एकच अलर्ट पोलिंग जिवंत करायला पुरतो. नंतर डेव्हएमने फ्री_आयआरक्यू केलं. ते हँडलर संपायची वाट बघतं, हँडलरने रांगेत लावलेल्या वर्कची नाही. मग प्रिव्ह फ्री झाला, आणि त्याच्या पोटातला टायमर टायमर-व्हीलच्या यादीत तसाच राहिला. सेकंदभराने टायमरचा कोड त्याला हात लावतो, म्हणून स्टॅक तिथला दिसतो. त्याच यादीत दुसऱ्या कुणी टायमर घातला तर रिपोर्टमध्ये भलत्याच ड्रायव्हरचं नाव येईल. अशा वेळी पहिल्या स्टॅकपेक्षा अलोकेशनच्या आणि फ्रीच्या स्टॅकवर भिस्त ठेवा.

रिपोर्टच्या तळाचे शॅडो बाइटही बघा. एक शॅडो बाइट म्हणजे ८ बाइट मेमरीच्या स्थितीची कासानने ठेवलेली नोंद. एफबी (कधी एफए) म्हणजे फ्री झालेला ऑब्जेक्ट, एफसी म्हणजे रेडझोन, ऑब्जेक्टभोवतीची राखीव पट्टी. एफसी असता तर हद्दीबाहेरचा अॅक्सेस शोधावा लागला असता. ऑफसेट स्ट्रक्टशी जुळवताना डेव्हरेसचा (डेव्हएमच्या नोंदीचा) हेडर वजा करा, आर्म६४वर १२८ बाइट. उरलेला ऑफसेट पाहोलच्या (स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं साधन) आउटपुटमध्ये डिलेड_वर्कच्या टायमरवर पडला की खात्री झाली.

प्रोब_ऑर्डर:
वरचं निदान पटतंय. दुरुस्ती प्रोबमधल्या क्रमाची करा. आधी डेव्हएम_केझॅलॉक, मग डेव्हएम_डिलेड_वर्क_ऑटोकॅन्सल, आणि त्यानंतरच डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू. सुटताना आयआरक्यू जाईल, मग वर्क _सिंकने थांबेल, शेवटी मेमरी जाईल. स्वतःला रांगेत लावणारं वर्कही _सिंक नीट थांबवतं, अट एवढीच की बाहेरून कुणी लावत नसावं. ऑटोकॅन्सल इनिट_डिलेड_वर्क स्वतःच करतं, तुमचं काढा. रिमूव्हमधलं कॅन्सलही काढा. एचडब्ल्यूमॉन (सेन्सरचे आकडे बाहेर दाखवणारी कर्नलची सोय) रजिस्टर करत असाल तर ते सगळ्यात शेवटी.

दुरुस्त झालं हे सिद्ध करायला आधी बग हमखास घडवा. जुन्या कोडमध्ये रिमूव्हच्या शेवटी, _सिंकनंतर, एमस्लीप(३०००) घाला आणि त्या तीन सेकंदांत अलर्ट द्या. त्यासाठी आरएममॉड (मॉड्यूल काढणारी कमांड) नको, सिसएफएसमधलं अनबाइंड वापरा. आरएममॉडने मॉड्यूलचा कोडच निघून जातो आणि वेगळाच पेज फॉल्ट समोर येतो.

सोबत कॉन्फिग_डीबग_ऑब्जेक्ट्स, त्यातले _फ्री, _टायमर्स आणि _वर्क चालू करा. कासान चूक वापराच्या क्षणी पकडतं, हे मात्र फ्रीच्या क्षणीच ओरडतं: ओडीबग, फ्री अॅक्टिव्ह, प्रकार टायमर_लिस्ट, हिंट डिलेड_वर्क_टायमर_एफएन. तुमच्या दुसऱ्या, __रन_टायमर्समधल्या बगसाठी हे नेमकं आहे. पहिला, पोल फंक्शनमधला बग मात्र याच्या नजरेतून निसटला असता, कारण वर्क चालायला लागलं की त्याची नोंद निष्क्रिय होते. कासान एरवी पहिल्या रिपोर्टनंतर गप्प बसतं, म्हणून बूटला कासान_मल्टी_शॉट द्या.

टायमर_टिक:
क्रम बदलला. एमस्लीप तसाच ठेवून अलर्ट दिला तरी कासान आणि ओडीबग दोन्ही शांत आहेत. अजून दोन प्रश्न. दुसऱ्या एका ड्रायव्हरमध्ये रिमूव्ह म्यूटेक्स (लॉक) धरून _सिंक बोलावतं आणि अनबाइंड अडकून बसतं, ते कशाने? आणि ग्राहकांकडच्या बोर्डांवर कासान परवडत नाही, तिथे केफेन्स (मोजक्याच अलोकेशनवर नजर ठेवणारा हलका पर्याय) पुरेल का?

शॅडो_बाइट:
तो म्यूटेक्स वर्क फंक्शनही घेत असणार. रिमूव्ह वर्कसाठी थांबलंय, वर्क म्यूटेक्ससाठी. _सिंक लॉकच्या बाहेर काढा. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारी कर्नलची सोय) चालू असेल तर प्रत्यक्ष अडकण्याआधीच तो हे सांगतो.

केफेन्सवर या जातीच्या बगसाठी विसंबू नका. ते डिफॉल्टला दर १०० मिलिसेकंदांना साधारण एक अलोकेशन उचलतं आणि एका वेळी २५५ ऑब्जेक्ट सांभाळतं, सगळं मिळून २ एमबी. तुमचा प्रिव्ह प्रोबमध्ये एकदाच अलोकेट होतो, तो नेमका त्या नमुन्यात सापडण्याची शक्यता फार कमी. वारंवार होणाऱ्या अलोकेशनसाठी आणि पुष्कळ बोर्डांवर मिळून ते उपयोगी पडतं, तेव्हा चालू जरूर ठेवा. पण अनबाइंडची चाचणी टेस्ट-बेंचवर कासानखालीच घ्या. शॅडोला रॅमचा आठवा हिस्सा लागतो, १ जीबीच्या बोर्डावर १२८ एमबी, आणि क्वारंटाइनला (फ्री झालेली मेमरी काही काळ अडवून ठेवायला) जास्तीत जास्त बत्तिसावा. बेंचवर एवढं परवडतं.