मदत हवी आहे: किल्टवर कुठलं स्पोरन घ्यावं? (तातडीचं)

टकमकटोक
शनिवारी लग्नाला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) घालायचाय. बाकी सगळं जमलंय, फक्त स्पोरन (किल्टवर पुढे लटकवायची पिशवी) राहिलंय. पर्थमध्ये राहतो. ऑनलाइन बघितलं तर 40 पौंडांपासून 400 पर्यंत काहीही आहे. केसाळ, बिनकेसाळ, गोंडेवालं. आजच ऑर्डर टाकायचीय. कुठलं घेऊ? किल्टचा इतिहास नको, प्लीज. सरळ उत्तर द्या.

आजोळचा_आंबा
जाकीट कुठलं? लग्न दिवसा की संध्याकाळी? किल्ट स्वतःचा की भाड्याचा? भाड्याचा असेल तर स्पोरन त्यातच मिळतं, वेगळं कशाला घेताय?

निवृत्त_नाना
पर्थमध्ये लोकरीचा किल्ट? अहो, आठ वार लोकर कंबरेला गुंडाळून उकडून निघाल. आमच्या मुलाकडे तिथे राहून आलोय, समुद्रावरचं वारं सुटेपर्यंत जीव नकोसा होतो. सुती काहीतरी बघा.

सरळसोट
नाना, भाव पौंडांत दिलेत त्यांनी. हे स्कॉटलंडमधलं पर्थ, ऑस्ट्रेलियातलं नव्हे.

ग्लासगोवाला
इथे बरीच वर्षं आहे, दोस्तांच्या लग्नांत किल्ट घालून झालाय, म्हणून लिहितो. स्पोरन ढोबळमानाने तीन तऱ्हेचं. साधं चामड्याचं, ते दिवसा आणि ट्वीडच्या जाकिटावर. मधलं, पुढे फर आणि वर चामड्याचं झाकण, ते अर्गाइल नावाच्या जरा साध्या जाकिटावर कुठेही खपतं. आणि पूर्ण ड्रेस, म्हणजे सगळी फर, वर धातूची नक्षीदार कमान, खाली गोंडे. प्रिन्स चार्ली, म्हणजे समारंभाचं आखूड जाकीट, आणि काळा बो टाय असेल तर हे तिसरं. गुडघ्यापर्यंत लोंबणारं घोड्याच्या केसांचं मात्र बँडवाल्यांचं, ते लावून गेलात तर लोक बॅगपाइप कुठे म्हणून विचारतील.

स्पोरन लटकवायचं वेस्टकोटच्या खाली, साधारण चार बोटं सोडून. नाचताना आणि गाडी चालवताना फिरवून कंबरेच्या बाजूला घ्यायचं. न फिरवता उड्या मारल्यात तर काय होईल ते सांगत नाही.

सरळसोट
कोण एवढं बघतं? प्रिन्स चार्लीवर साधं काळं चामड्याचं लावून मी गेलो होतो. नवऱ्या मुलाचा मामा किल्टखाली स्पोर्ट शूज घालून आला होता. 400 पौंड पाण्यात घालू नका.

ग्लासगोवाला
400 म्हणालं कोण? आणि मामा घरचा माणूस, त्याला सगळं माफ. पाहुण्याने नीट जावं. फोटोत बरोबर मध्यभागी तेच दिसतं.

कोल्हापूरची_मिरची
मी म्हणते, किल्टच कशाला? धोतर नेसा, फेटा बांधा, सगळं लग्न तुमच्याकडे बघेल. स्पोरन म्हणजे शेवटी पोटापुढे आणलेली चंचीच ना!

टकमकटोक
मिरचीताई, नवऱ्या मुलाने सगळ्या मित्रांना किल्टच सांगितलाय. जाकीट प्रिन्स चार्ली, एका मित्राचं. किल्टही त्याचाच, ब्लॅक वॉच (गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचा). त्याचं स्पोरन त्याला स्वतःला लागणार आहे. दुपारी चर्च, रात्री केली, म्हणजे स्कॉटिश लोकनृत्याचा नाच. आणि चामडं, फर काहीच चालणार नाही. जैन आहे. आता सांगा.

आजोळचा_आंबा
हे पहिल्या ओळीत लिहायचं! अर्धा धागा फुकट गेला. बुटांचं काय करताय? भाड्याचे ब्रोग चामड्याचेच असतात.

टकमकटोक
बुटांचा प्रश्न विचारलेला नाही.

पशुमित्र_पार्लेकर
छान निर्णय. पूर्वी सर्रास सीलची कातडी वापरायचे. आता युरोपात सीलच्या मालावर बंदी आहे, अमेरिकेत तर 1972 च्या कायद्यापासून ते आणताच येत नाही, जुनं आजोबांचं स्पोरनसुद्धा विमानतळावर जप्त होऊ शकतं.

ग्लासगोवाला
सील आज विकतंय कोण? हल्ली फर बहुतेक सशाची नाहीतर गाईची. टकमकटोक, तुम्ही नकली फरचं पूर्ण ड्रेस घ्या, मिळतं. पण विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: मागची बाजू कशाची आणि पट्टा कशाचा. पुढे नकली फर आणि मागे खरं चामडं, असं बऱ्याचदा असतं. ट्वीड कापडाचीही निघतात, त्यांचंही तेच. साखळीवाल्या पट्ट्यातही पाठीमागचा भाग चामड्याचा असतो.

सरळसोट
आणि माल कुठून येतोय तेही बघा. ऑनलाइन स्वस्तातलं बरंचसं सियालकोटहून येतं. वाईट नसतं, बॅगपाइपही तिथेच ढिगाने बनतात, पण शनिवारपर्यंत पोचणार नाही.

शिवणवाली_शैला
दादा, विकत कशाला? नकली फरचा अर्धा मीटर, आतून काळं अस्तर, मध्ये कडक कॅनव्हास, झाकणाला टिचबटण. एका दुपारचं काम. माझ्या पुतण्याच्या नाटकासाठी केलं होतं, शेवटच्या रांगेतून खरं वाटत होतं.

ग्लासगोवाला
ताई, तिथे पाहुणे शेवटच्या रांगेत नसणार.

बिनधास्त_बंड्या
मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. आत काय?

सरळसोट
मित्राचा किल्ट आहे. आत काहीतरी घालाच.

टकमकटोक
एडिनबरामधल्या एका दुकानात नकली फरचं मिळतंय, मागे रेक्झिन, चंदेरी कमान, 75 पौंड. उद्या पोचवतील. पट्टा अख्खा साखळीचा. जीन्स 34 लागते, तेच माप टाकू ना?

ग्लासगोवाला
34 टाकू नका. किल्ट बसतो बेंबीपाशी, जीन्सच्या बराच वर, आणि स्पोरनचा पट्टा किल्टच्या कमरेखाली, नितंबांच्या वरच्या अंगाला. किल्ट घालूनच तिथून टेप फिरवा, माप चार-पाच इंच तरी वाढेल. अख्खी साखळी मागून लोकर घासते आणि किल्ट मित्राचा आहे, तेव्हा पाठीकडच्या कड्यांवर काळी कापडी पट्टी शिवून घ्या. ते काम शैलाताईंना विचारा.

शिवणवाली_शैला
गाठ मारू नका, उसवते. दुहेरी दोऱ्याने हेमटाका घाला.