मिनँडरच्या चांदीच्या नाण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंडो-ग्रीक, म्हणजे भारताच्या वायव्य भागात राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या नाण्यांचा कोणाचा अभ्यास आहे का? मामांच्या संग्रहातलं एक चांदीचं नाणं माझ्याकडे आलंय, वजन साधारण 2.4 ग्रॅम, एका बाजूला भाला उगारलेला राजा पाठमोरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ढाल घेऊन वज्र फेकणारी ग्रीक देवी अथेना आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ (त्राता महाराज मिनँडरचं), म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली बौद्ध ग्रंथातला आपला राजा मिलिंदच, इ.स.पू. 2ऱ्या शतकातला, राजधानी सागल म्हणजे आजचं सियालकोट. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात तर लिहिलंय की त्याचे द्रम्म (अशीच चांदीची नाणी) भडोचच्या बाजारात इ.स. 1ल्या शतकातही चालायचे, विचार करा, राज्य बुडून गेलं तरी नाणं चालूच!

आता अडलंय ते असं की अथेनाच्या बाजूला जो मोनोग्राम (अक्षरं एकत्र गुंफून केलेलं चिन्ह) आहे तो टांकसाळीचा समजायचा की अधिकाऱ्याचा? आणि मुख्य म्हणजे नाणं खरंय का, कारण कडेला एक बारीक रेघ फिरल्यासारखी वाटते आणि अक्षरांच्या कडा जरा गुळगुळीत आहेत, ओतीव नकलेत असं असतं असं ऐकलंय. न घासता, न धुता घरी काय तपासता येईल? फोटो कॉमेंटमध्ये टाकतो, जाणकारांनी प्लीज बघा.