व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री : हे गाणं तुमच्यापर्यंत कसं आलं? (अनुभव धागा)

मंडळी, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवर गप्पा निघाल्या की 'द वॉल' आणि 'डार्क साइड' या अल्बमांभोवतीच फिरतात, हा धागा फक्त एका तीनेक मिनिटांच्या गाण्यासाठी. त्यामागची गोष्ट तुम्हाला कधी कळली आणि मग काय झालं ते लिहा. बँडमधला गिल्मर भारी की वॉटर्स हे भांडण कृपया नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचा जन्म सप्टेंबर १९४३ चा. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स ब्रिटिश सैन्याच्या रॉयल फ्युसिलियर्स रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधे सेकंड लेफ्टनंट, १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत अँझिओच्या आघाडीवर गेले, तेव्हा पोरगं पाच महिन्यांचं. गाण्यातले टायगर म्हणजे जर्मन रणगाडे. पुढचा अधिकारी माझी माणसं मागे घेऊ द्या म्हणतो, वरून हुकूम येतो बसा तिथेच. मग दुसऱ्या कडव्यात राजाकडून आईला आलेला कागद, सोनेरी वर्खाचा, जो पोराला जुन्या फोटोंच्या ड्रॉवरमधे सापडतो आणि त्यावरची सही निघते रबरी शिक्क्याची. मूळ 'द वॉल'साठीच लिहिलेलं पण बँडमधल्या बाकीच्यांना फार वैयक्तिक वाटलं म्हणून १९७९ च्या अल्बममधे नाही. १९८२ ला 'द वॉल'च्या सिनेमात आलं, सिंगल म्हणून आलं, आणि 'द फायनल कट' या अल्बममधे घुसलं थेट २००४ च्या आवृत्तीत.

माझं साधंच आहे. 'इकोज' ही २००१ ची डबल सीडी होस्टेलवर कुणीतरी आणलेली, त्यात हे मधेच लागलं. ना ड्रम ना गिटार सोलो, सगळे म्हणाले पुढे ढकल. मी एकटा हेडफोन लावून परत परत ऐकत बसलो. आता तुमचं येऊ द्या.

रणगाडा_प्रेमी
मी उलट्या बाजूने आलो, आधी अँझिओ वाचलं आणि गाणं नंतर. २२ जानेवारी १९४४ ला दोस्त फौजा रोमच्या दक्षिणेला उतरल्या, समोर जवळपास कुणीच नाही, आणि तिथला अमेरिकन सेनापती जनरल लुकस मुसंडी मारायची सोडून किनाऱ्यावर जम बसवत बसला, तोवर जर्मन सेनापती केसलरिंगने मिळेल तिथून फौज गोळा केली. १६ फेब्रुवारीला जर्मनांचा मोठा प्रतिहल्ला अप्रिलियाकडून खाली समुद्राच्या दिशेने, आणि एरिक वॉटर्स त्याच हल्ल्यात गेले. चार-पाच दिवसांनी लुकसची उचलबांगडी. रोम पडलं ४ जूनला.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. त्या तुकड्या तेव्हा मागे घेतल्या असत्या तर अख्खा ब्रिजहेड, म्हणजे किनाऱ्यावर मिळवलेला तळ, समुद्रात गेला असता, गाण्यातला तो हुकूम देणारा जनरल दिसतो तितका सोपा नव्हता. पण हेही खरं की त्यांना तिथे अडकवलं कुणी, तर त्याच वरच्यांनी महिनाभर आधी. म्हणजे वॉटर्सचा राग योग्य पत्त्यावर गेलाय, फक्त तारीख चुकलीय असं मला वाटतं.

तिसरा बाक
@रणगाडा, वडिलांबद्दल अजून एक घ्या. ते शिक्षक होते, धर्मावर श्रद्धा असलेले, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा शस्त्र घ्यायला नकार दिलेला माणूस, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अँब्युलन्स चालवायचे. नंतर डावीकडे वळले, फॅसिझमला थांबवायचं तर लढायला लागेल असं पटलं, आणि आपणहून सैन्यात गेले. आजोबा १९१६ ला पहिल्या महायुद्धात गेलेले, म्हणजे घरात दोन पिढ्या. हे कळल्यावर मला गाणं जास्त अवघड झालं, कारण वडील स्वतः मत बदलून गेले आणि मुलगा आयुष्यभर पाठवणाऱ्यांवर चिडलेला. दोन्ही बरोबर असू शकतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेरगावची
मी कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. गाणी-बिणी मला कळत नाहीत, मुलाने दाखवला तो सिनेमा. माझे वडील ७१ च्या लढाईत गेले, मी तेव्हा अंगावर पिणारी. त्यातला तो मुलगा वडिलांचा युनिफॉर्म घालून आरशासमोर उभा राहतो ना, तिथे मी मुलाला म्हटलं बंद कर, मग तासाभराने म्हटलं लाव परत. आमच्याकडे ट्रंक होती, आई कामाला गेली की मी तो ओव्हरकोट घालून बघायचे, जमिनीवर लोळायचा. कागद पण होते, तार, नंतरची पत्रं, सगळी इंग्रजी, आईला वाचता यायची नाहीत, मला यायला लागली तोवर तिला ऐकायची नव्हती.

दर १५ ऑगस्टला शाळेत आईचा सत्कार, शाल नारळ, मी खाली पहिल्या रांगेत. लोक चांगलेच होते, कुणाला नावं ठेवत नाही. पण त्या गाण्यातल्या शिक्क्याबद्दल पोरं म्हणतात काय एवढं, सही शिक्क्याची का असेना. मला ते लगेच कळलं. एवढंच.

मुक्काम रायगड
ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

माझं गाव माणगाव तालुक्यात. नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावला आहे, आम्ही लहानपणापासून बघतोय, व्हिक्टोरिया क्रॉस, मराठा लाइट इन्फंट्री, ५ वी रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या खोऱ्यात. त्यांच्या सेक्शनमधले जवळपास सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले, ते एकटे धावून गेले, ग्रेनेड टाकला, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्यांशी लढले आणि मग स्नायपरची गोळी. वय बावीस. हे सगळं पाठ होतं, पण ती इटली आणि अँझिओची इटली एकच हे डोक्यात जोडलं गेलं नव्हतं, इंग्रजी गाणी एका कप्प्यात आणि गावचा पुतळा दुसऱ्या.

मग कळलं की घाडग्यांचा देह मिळाला नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कासिनो मेमोरियल या युद्धस्मारकावर आहे. आणि एरिक वॉटर्सचाही देह मिळाला नाही, त्यांचंही नाव कासिनो मेमोरियलवरच आहे. रात्री अडीचला मी हे दोनदा तपासून बघितलं. कुणाला तरी सांगायचं होतं पण घरात सगळे झोपलेले.

रोमहून
@मुक्काम रायगड, मी जाऊन आलोय. रोम टर्मिनीवरून ट्रेन मिळते, कासिनो गाव, स्टेशनपासून चालत. वर डोंगरावर मठ, खाली सगळ्या कबरी, मधे पाण्याचा लांबट हौद आणि दोन्ही बाजूला हिरव्या संगमरवराचे उंच फलक, त्यावर चार हजारांवर नावं, ज्यांची कबर कुठे ते माहीत नाही अशांची. लोक फ्युसिलियर्सवाला फलक शोधत येतात. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा पण शोधला, आडनावं वाचत गेलो आणि प्रत्येक आडनावाचा कुणीतरी माझ्या शाळेत होता.

मोंतोने गावात, पेरुज्या जिल्ह्यात, २०२३ ला घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालंय, ते अजून बघायचंय. वॉटर्सच्या वडिलांचं स्मारक अप्रिलियाला, २०१४ च्या १८ फेब्रुवारीला झालं, बरोबर सत्तर वर्षांनी. नेमकी जागा शोधायला हॅरी शिंडलर नावाच्या ब्रिटिश म्हाताऱ्याने मदत केली, तो स्वतः अँझिओला लढलेला. म्हणजे सत्तर वर्षं मुलाला जागाच माहीत नव्हती.

बेसूर
विरुद्ध मत नोंदवतो. गोष्ट भारी, गाणं म्हणून मला ते अर्धवटच वाटतं. चाल एकच, दोन कडवी, आणि शेवटी ओरडणं. बाकी बँडने नाही म्हटलं ते मला समजतं.

आल्टो
@बेसूर, अहो पण मागचा कोरस ऐकलात का? तो वेल्समधला पाँटार्डुलाइस पुरुष गायकसंघ आहे, आणि ऑर्केस्ट्रा मायकेल केमनचा. मी कॉयरमधे गाते म्हणून सांगते, तो कोरस अख्ख्या गाण्यात चर्चमधल्या प्रार्थनेसारखा संथ चालतो, एकदाही चिडत नाही, चिडतो तो एकटा वॉटर्स. चाल बदलली असती तर ते ओरडणं नाटकी वाटलं असतं. आम्ही एकदा करून बघितलं, पुरुष मिळाले सहा, त्यातले दोघे सुरात. कार्यक्रमातून गाणं काढलं.

रणगाडा_प्रेमी
@रोमहून, फलकावरची ती आडनावं टाइप करून इथे टाकाल का? गावं शोधायला मी बसतो.