एकजिनसी म्हणजे एकसारखे नव्हे

'युनिफॉर्मिटी'साठी 'एकजिनसीपणा' हा शब्द चालेल का? माझ्या मते काही ठिकाणी चालेल, बहुतेक ठिकाणी नाही.

एकजिनसीपणा एकाच वस्तूच्या आत असतो. तिचा कुठलाही कण उचलला तरी तो तसाच निघाला पाहिजे. पाण्यात मीठ पूर्ण विरघळले की द्रावण एकजिनसी झाले, तळाशी खडा उरला तर नाही. एकसारखेपणाला मात्र किमान दोन वस्तू लागतात. पंगतीतल्या पुऱ्या एकसारख्या असतात, त्यांना एकजिनसी कुणी म्हणणार नाही.

'जिन्नस' आपल्याकडे अरबी 'जिन्स'वरून, फारसीच्या वाटेने आला. जिन्स म्हणजे जात, प्रकार. मराठीत त्याचा अर्थ वस्तू, माल असा झाला आणि पुढे खाण्याचा पदार्थही झाला. वसुली नक्त की ऐनजिनसी, म्हणजे रोख की धान्यात, असा भेद जुन्या कागदांत सापडतो, तोही याच शब्दाचा. मला सगळ्यात आवडते ती याच्या मागची गोष्ट. अरबीतला जिन्स मूळ ग्रीक 'गेनोस'वरून आला असे मानतात, आणि गेनोसचे नाते आपल्या 'जन्', 'जाति' यांच्या मूळ धातूशी आहे. इंग्रजीतल्या 'होमोजिनियस'मध्येही तोच गेनोस आहे. म्हणजे 'एकजिनसी' आणि 'सजातीय' हे दूरचे भाऊ. एक आरब-इराण फिरून घरी आला, दुसरा घरातच राहिला.

स्वयंपाकघरात 'एकजीव' हा आणखी जवळचा शब्द आहे. आमच्याकडे पुरण शिजताना आई म्हणायची, 'डाळ-गूळ एकजीव होऊ दे, मग उतरव.' डाळ वेगळी होती, गूळ वेगळा होता, आता दोन्ही मिळून एक झाले, हा सगळा प्रवास त्या शब्दात आहे. एकजिनसीत तो प्रवास दिसत नाही, फक्त शेवटची स्थिती दिसते. म्हणून पाककृतीत मी तरी 'एकजीव'च लिहीन.

'एकसारखा'ची एक अडचण आहे. 'पाऊस एकसारखा पडतोय' म्हटले की आपल्याला 'सतत' ऐकू येते, 'सगळीकडे सारखा' नव्हे. शाळेच्या विज्ञानात 'एकसमान गती' हा शब्द रुळला आहे, आणि तिथे तो नेमका बसतो. 'सरसकट'मध्ये भेद न करण्याचा भाव आहे. सरसकट कर्जमाफी म्हणजे निकष न लावता सर्वांना माफी. 'एकसुरी' तर उघड नाराजीचा शब्द. शाळेच्या 'युनिफॉर्म'ला मात्र आपण यातला एकही शब्द लावला नाही. 'गणवेश' म्हणताना मराठीने कपड्याच्या सारखेपणाकडे न पाहता तो घालणाऱ्या गणाकडे पाहिले, आणि शब्द किती सुंदर झाला!

'एकजिनसी समाज' हा प्रयोग लेखांतून वारंवार दिसतो. तिथे मी थांबतो. लिहिणाऱ्याला पुष्कळदा 'एकजूट असलेला समाज' म्हणायचे असते. एकजुटीत माणसे आपापल्या बोली, आपापले सण घेऊन एकत्र येतात. एकजिनसीत त्यांना जागाच नाही, कारण तिथे वेगळा कण म्हणजे दोष.

आणि प्रश्न पुस्तकातल्या शुद्धलेखनाचा, परिभाषेचा असेल, म्हणजे पहिल्या प्रकरणात 'संगणक' आणि पाचव्यात 'कॉम्प्युटर' असे होऊ नये इतकेच म्हणायचे असेल, तर 'एकवाक्यता' हा शब्द तयार आहे. मीमांसेतून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातून, आलेला हा शब्द. अनेक वाक्यांनी मिळून एकच अर्थ सांगावा, हा त्याचा मूळ आशय.